विष, जंतू आणि आतड्याची भिंत

श्रोतेहो,

जंतू शरीरात शिरतो, वाढतो आणि आजार निर्माण करतो, अशी रोगाची सोपी गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. आतड्याच्या बाबतीत ती बरेचदा लागू पडत नाही. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा जंतू घ्या. तो रक्तात जात नाही, यकृतात जात नाही, आतड्याच्या भिंतीतही शिरत नाही. भिंतीच्या पृष्ठभागाला चिकटून तो तिथेच राहतो, आणि तरीही सकाळी धडधाकट असलेला माणूस उपचार न मिळाल्यास संध्याकाळपर्यंत दगावू शकतो. हे कसे घडते हे समजायला वैद्यकशास्त्राला पाऊण शतक लागले. त्या शोधाचा शेवटचा आणि निर्णायक टप्पा आपल्याच देशात पार पडला, पण त्याची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही.

आज मला जे मांडायचे आहे ते असे : 'जंतूंमुळे होणारे पोटाचे विकार' आणि 'विषामुळे होणारे पोटाचे विकार' असे दोन कप्पे करणे सोयीचे असले तरी ते टिकत नाहीत. जंतू बहुतेक वेळा विषाच्याच मार्गाने इजा करतात, काही औषधी विषे तर आतड्याला इजा करताना जंतूंचीच मदत घेतात, आणि उपचार कोणता करायचा हे त्या विषाने आतड्याच्या भिंतीचे नेमके काय केले यावरून ठरते.

ही भिंत म्हणजे काय, ते आधी थोडक्यात पाहू. अन्न आणि रक्त यांच्यामध्ये लहान आतड्यात पेशींचा अवघा एक थर असतो. जुन्या पाठ्यपुस्तकांत आतड्याचे क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढे दिलेले असे. 2014 मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी नव्याने मोजमाप केले तेव्हा ते सुमारे 30 चौरस मीटर निघाले. आकडा खाली आला, पण एका पेशीच्या जाडीची एवढी मोठी सीमा शरीर सांभाळते ही गोष्ट त्याने लहान होत नाही. या थरातील पेशी चार-पाच दिवसांत झडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. पेशींवर श्लेष्माचा, म्हणजे बुळबुळीत स्रावाचा लेप असतो. मोठ्या आतड्यात या लेपाचे दोन पदर असतात, त्यांपैकी बाहेरच्या पदरात जंतूंची वस्ती असते आणि पेशींना लागून असलेला आतला पदर निरोगी माणसात जवळजवळ निर्जंतुक असतो. आपण रोज पितो ते पाणी आणि लाळ, जठररस, पित्त असे शरीराचेच स्राव मिळून आठ-नऊ लिटर द्रव लहान आतड्यात उतरतो, आणि त्यातले जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर पाणी शौचावाटे बाहेर जाते. बाकीचे सगळे ही भिंत परत शोषून घेते. जुलाब म्हणजे या हिशेबात पडलेली तूट, एवढे लक्षात ठेवले तर पुढचे बरेचसे समजते.

आता पटकीकडे वळू. इटलीतील फिलिप्पो पाचिनी यांनी 1854 मध्ये हा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. रॉबर्ट कॉख 1883 मध्ये इजिप्तमार्गे कोलकात्याला आले आणि त्यांनी तो वेगळा करून वाढवला. हा जंतू काहीतरी विष सोडत असावा, असा तर्कही कॉख यांनी केला होता. त्यानंतरच्या काळात ते विष शोधण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले; कोणी जंतूंचा अर्क प्राण्याच्या शिरेत टोचला, कोणी पोटाच्या पोकळीत टोचला. प्राणी मरत, पण त्यांना जुलाब होत नसत. दुसरीकडे, पटकीत आतड्याचे अस्तर सोलून निघते आणि त्यामुळे पाणी वाहते, अशी जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फिरखॉ यांच्यापासून चालत आलेली समजूत होती, कारण शवविच्छेदनात अस्तर खरोखरच सुटलेले दिसे. मृत्यूनंतर काही तासांतच आतड्याचे अस्तर आपोआप सुटते, हे तिथे लक्षात घेतले गेले नाही.

कोलकात्यात विकृतिशास्त्र शिकवणारे डॉ. शंभुनाथ डे यांनी प्रश्नाची जागाच बदलली. रोग आतड्याच्या पोकळीत घडतो, तर जंतूही तिथेच सोडून पाहावा, असे त्यांनी ठरवले. सशाला भूल देऊन त्याचे पोट उघडायचे, लहान आतड्याचा काही इंचांचा तुकडा जागच्या जागी दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधायचा, त्याचा रक्तपुरवठा तसाच ठेवायचा, त्या बंद पिशवीत जंतूंचे वाढवण सुईने सोडायचे आणि पोट शिवून टाकायचे. दुसऱ्या दिवशी पोट पुन्हा उघडले की तो तुकडा पाण्याने टम्म फुगलेला दिसे, आणि शेजारच्या ज्या तुकड्यात जंतूविरहित द्रव सोडला होता तो रिकामा, चपटा राहिलेला असे. हे 1953 मध्ये प्रसिद्ध झाले. 1959 मध्ये त्यांनी पुढची पायरी गाठली. जंतू गाळून काढून टाकले आणि फक्त गाळलेला द्रव सोडला, तरीही तुकडा तसाच फुगला. एकही जिवंत जंतू नसताना पटकीचे पाणी तयार झाले, म्हणजे काम विषाचेच होते. 'नेचर'मध्ये आलेला हा लेख अगदी छोटा आहे आणि त्यामागे महागडे असे एकही उपकरण नव्हते. 1978 मध्ये डॉ. डे यांना पटकीविषयीच्या नोबेल परिसंवादासाठी स्टॉकहोमला बोलावण्यात आले. मायदेशात मात्र त्यांच्या हयातीत त्यांच्या कामाची म्हणावी तशी कदर झाली नाही. 1985 मध्ये त्यांचे निधन झाले.

डॉ. डे यांच्या 1959 च्या लेखाच्याच सुमारास बँकॉकमध्ये पटकीची साथ आली असताना युजीन गँगारोसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत रुग्णांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे नळीवाटे काढून तपासले. रुग्णाला पेजेच्या पाण्यासारखे जुलाब चालू होते आणि आतड्याचे अस्तर धड होते. हे दोन निष्कर्ष एकत्र ठेवले की पटकीचे खरे रूप दिसते. पटकीत भिंत फुटत नाही. भिंतीची फसवणूक होते. या विषाच्या रेणूचे सहा भाग असतात. त्यांपैकी पाच भाग पेशीच्या पृष्ठभागावरील जीएम-1 नावाच्या मेदयुक्त रेणूला पकडतात आणि सहावा आत शिरून पेशीतला एक संदेशवाहक प्रथिनाचा खटका कायमचा चालू करून ठेवतो. पेशीला वाटते की पाणी सोडण्याचा हुकूम आला आहे. क्लोराइडचे दार उघडे राहते, क्लोराइडमागून सोडियम जाते आणि सोडियममागून पाणी. तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. मजेची गोष्ट अशी की या विषाचे जनुक मुळात त्या जंतूचेही नाही. जंतूला लागण करणाऱ्या एका विषाणूने ते सोबत आणलेले आहे, हे 1996 मध्ये सिद्ध झाले.

भिंत धड आहे, या एका निष्कर्षावर पुढचा उपचार उभा राहिला. विषाने आतड्याचा एक दरवाजा उघडा ठेवलेला असला तरी ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेणारी दुसरी वाट शाबूत असते. ही जोडवाट रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडली. मीठ एकटे दिले तर शोषले जात नाही, साखरेसोबत दिले तर जाते आणि पाण्यालाही घेऊन जाते. ढाक्यात 1968 मध्ये या तत्त्वाच्या चाचण्या यशस्वी झाल्या, पण त्या रुग्णालयाच्या शिस्तीत झालेल्या होत्या. 1971 मध्ये बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले, बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण करून ते नातेवाइकांच्याच हाती दिले. पाजणारे हात शिकलेले नव्हते, वाडग्यांचे माप एकसारखे नव्हते, जमिनीवर घाण होती. मृत्यूचे प्रमाण तिथे 30 टक्क्यांच्या घरात होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले. डॉ. महालनबीस 2022 मध्ये गेले आणि त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आज मिळणाऱ्या ओआरएसच्या पुडीत 2002 च्या सुधारणेनुसार साखर आणि मीठ दोन्ही कमी केलेले आहे, कारण द्रावण जास्त दाट झाले की ते उलट आतड्यातच पाणी ओढते. गोड पेयाचे चौकोनी खोके ओआरएस म्हणून पाजणाऱ्या पालकांनी हे कारण नीट समजून घ्यावे. त्यात साखर प्रमाणाबाहेर असते आणि मीठ नावाला. तसेच एक लिटरची पुडी पेल्यात थोडी-थोडी टाकून माप चुकवू नये, पूर्ण पुडी पूर्ण लिटरात एकदाच मिसळावी. मुलांना त्याबरोबर पूर्ण 14 दिवस जस्ताच्या गोळ्या द्यायच्या असतात, पण जुलाब थांबले की त्या मध्येच बंद केल्या जातात, हे आपल्याकडे सर्रास घडते.

पटकीच्या सुईबद्दलही इथेच बोलतो. पंढरीच्या वारीला जायचे तर कॉलऱ्याची सुई टोचून घ्यावी लागे, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. दंडात टोचलेल्या त्या लसीचे संरक्षण अर्धेमुर्धे आणि थोड्या महिन्यांचे होते, आणि 1973 मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवासासाठीचीही ती अट काढून टाकण्यात आली. जंतू रक्तात जातच नाही. त्यामुळे त्याला अडवणारी प्रतिद्रव्ये आतड्याच्या पृष्ठभागावर हवीत. आजच्या लसी तोंडावाटे देतात, त्यामागे हाच विचार आहे.

आता याच्या अगदी उलट प्रकार पाहा. रक्ती आवेचा जंतू, शिगेला, भिंतीत घुसतो. त्याची दहा ते शंभर एवढी अल्प संख्याही आजाराला पुरते, कारण तो जठरातल्या आम्लातून तगून जातो. पटकीच्या जंतूला मात्र आम्ल सोसवत नाही आणि म्हणून तो कोट्यवधींच्या संख्येने पोटात जावा लागतो. (आम्ल कमी करणारी 'गॅसची गोळी' रोज उपाशीपोटी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी हा मुद्दा ध्यानात ठेवावा, ही गोळी आतड्याचे पहिले कुंपण खाली करते.) शिगेला पेशी मारतो, दाह पेटवतो, व्रण पाडतो. शौच थोडी-थोडी, कुंथून, आव आणि रक्तासह होते, अंगात ताप असतो. इथे भिंत खरोखर फुटलेली असते. म्हणून शौचातून रक्त आणि ताप असेल तर जुलाब 'बांधणाऱ्या' गोळ्या घेऊ नयेत. आतड्याची हालचाल थांबली की जंतू आणि विष आतच साठून राहतात. रक्ती आवेला प्रतिजैविक लागते, पण तेही डॉक्टरांनी ठरवायचे. शिगेलाचेच विष बनवणारा ई. कोलाय या जंतूचा एक प्रकार असतो, त्याच्या संसर्गात प्रतिजैविकामुळे विषाचे उत्पादन वाढून मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका वाढू शकतो. म्हणजे शौचातले रक्त दोघांत सारखेच दिसते, आणि एकाला तारणारे औषध दुसऱ्याला घातक ठरू शकते. पाण्यासारख्या साध्या जुलाबांत तर बहुतेक वेळा प्रतिजैविकाची गरजच नसते, आणि तरीही औषधाच्या दुकानात 'लूज मोशन'ची म्हणून जी गोळी हातावर ठेवली जाते तिच्यात बऱ्याचदा तेच असते. याविषयी माझे मत सौम्य नाही.

तिसरा प्रकार वर्तमानपत्रांत 'महाप्रसादातून विषबाधा' अशा मथळ्याखाली येतो. भात दुपारी शिजला, मोठ्या पातेल्यात झाकून ठेवला आणि रात्री वाढला. किंवा हाताला फोड असलेल्या माणसाने बासुंदी ढवळली. अशा वेळी विष पोटात जाण्याआधीच अन्नात तयार झालेले असते. स्टॅफिलोकॉकस या जंतूचे विष उकळूनही जात नाही, आणि भातात वाढणाऱ्या बॅसिलस सेरियसचे वांती आणणारे विष त्याहून चिवट असते. म्हणून 'पुन्हा एकदा खळाखळा उकळले, मग काय होणार' हा युक्तिवाद चालत नाही. उकळण्याने जंतू मरतो, विष शिल्लक राहते. ही विषे आतड्याच्या भिंतीतील मज्जातंतूंना चेतवतात, त्यांचा संदेश मेंदूकडे जातो आणि उलट्या सुरू होतात. जेवणानंतर साधारण एक ते सहा तासांत अनेक जणांना एकदम उलट्या सुरू झाल्या तर आधी असे तयार विष मनात आणावे; आठ-बारा तासांनी पोटात कळ येऊन पातळ जुलाब झाले तर रस्सा किंवा मटणातील दुसऱ्या एका जंतूचा संशय घ्यावा, ज्याचे बीजाणू शिजवण्यात तगतात आणि विष आपल्या आतड्यात बनते. वेळ विचारणे हे इथे निम्मे निदान असते. काळजी एवढीच घ्यायची की शिजलेले अन्न एक तर कढत ठेवावे, नाहीतर पसरट भांड्यांत घालून लवकर गार करावे. कोमट अवस्थेत ते दोन तासांहून अधिक राहू नये.

आतापर्यंत बाहेरून आलेल्या जंतूंविषयी बोललो. आपल्या आतड्यात कायम वस्तीला असलेले जीवाणू 2016 च्या अंदाजानुसार सुमारे 38 लाख कोटी, म्हणजे साधारण आपल्या स्वतःच्या पेशींइतके आहेत. ते जागा अडवतात, अन्न संपवतात, पित्ताम्लांचे रूप बदलतात आणि त्यामुळे परक्या जंतूला तिथे रुजता येत नाही. प्रतिजैविकाने ही वस्ती उजाड झाली की क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जंतू वाढतो आणि त्याची दोन विषे पेशींचा आतला सांगाडा ढासळवतात. तीव्र संसर्गात मोठ्या आतड्यावर पिवळसर पडदे चढतात. एका आजारावर घेतलेल्या औषधाने दुसऱ्या आजाराला दार उघडते, असे हे प्रकरण आहे. ज्यांना तो आजार वारंवार होतो अशांना निरोगी माणसाच्या शौचातील जीवाणू देण्याचा उपाय 2013 मध्ये नेदरलँड्समधील चाचणीत प्रतिजैविकापेक्षा बराच सरस ठरला. ऐकायला किळसवाणे वाटते, पण तो विचार करूनच केलेला उपाय आहे.

याच वस्तीची दुसरी बाजूही पाहायला हवी. इरिनोटेकॅन हे कर्करोगाचे औषध घेणाऱ्यांना भयंकर जुलाब होतात. यकृत त्या औषधाला एक साखरेचा रेणू जोडून निरुपद्रवी करते आणि पित्तातून आतड्यात सोडते. तिथले जीवाणू ती साखर स्वतःच्या खाद्यासाठी तोडून घेतात, आणि मोकळे झालेले औषध पुन्हा विषारी होऊन आतड्याचे अस्तर जाळते. यकृताने निष्प्रभ केलेले विष जीवाणूंनी पुन्हा जिवंत केले, असे यात घडते. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांच्या बाबतीतही असाच मार्ग काही अंशी कारणीभूत असतो. निरोगी स्वयंसेवकांना दोन आठवडे डायक्लोफिनॅक आणि जठराच्या संरक्षणासाठी आम्लरोधक गोळी देऊन, नंतर कॅमेऱ्याची कुपी गिळायला लावून लहान आतडे पाहिले, तेव्हा 68 टक्के लोकांत नव्या जखमा आढळल्या. आम्लरोधक गोळी जठर वाचवते, त्यापलीकडच्या आतड्याला तिचा आधार नसतो. गुडघेदुखीसाठी महिनोन्‌महिने मनाने या गोळ्या घेणाऱ्यांचे रक्त हळूहळू कमी होते, आणि त्याचे कारण कित्येकदा भलतीकडेच शोधले जाते.

जंतूचे आणि शरीराचे साधर्म्य कुठवर जाते याचे एक उदाहरण पुण्यात नुकतेच पाहायला मिळाले. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले, आणि काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. या जंतूच्या आवरणावर असलेले रेणू मज्जातंतूंवरील जीएम-1 सारखे दिसतात. पटकीचे विष ज्या रेणूला पकडते तोच हा. शरीर जंतूविरुद्ध प्रतिद्रव्ये बनवते, ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटतात, आणि जुलाब थांबून आठवडा-दोन आठवडे झाल्यावर पायांतली ताकद जाऊ लागते. आतड्यातला संसर्ग संपलेला असतो आणि आजार तेव्हा सुरू होतो.

पाण्याचा विषय आला की ग्रामपंचायतीच्या टाकीपाशी यावे लागते. पिण्याच्या पाण्यात नळाच्या शेवटच्या टोकालाही लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिले पाहिजे, असे भारतीय मानक सांगते. आपल्याकडे हे काम जलसुरक्षक करतो. टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पाण्यात कालवून टाकीत सोडतो आणि पाण्यात क्लोरीन आहे का हे दाखवणाऱ्या ओटी परीक्षेत पाणी पिवळे झाले का ते पाहतो. या पावडरीत ताजी असताना तिसऱ्या हिश्श्याएवढे क्लोरीन असते, पण पोते उघडे आणि दमट खोलीत पडून राहिले की ते उडून जाते. माप बरोबर पडते, नोंदवहीत सही होते आणि पाण्यात काहीच पोहोचत नाही. म्हणून टाकीजवळची परीक्षा पुरेशी नाही, ती सगळ्यात दूरच्या घरच्या नळावर घ्यायला हवी.

जुलाब न होताही आतडे बिघडते, हे आता उमगू लागले आहे. घाणीच्या परिसरात वाढणाऱ्या मुलांच्या आतड्यांतील केसांसारखे उंचवटे बुटके होतात, भिंत सूक्ष्म प्रमाणात झिरपू लागते आणि सतत मंद दाह चालू राहतो. मूल जेवते पण उंची धरत नाही. यावर शौचालये, हात धुणे आणि पाण्याची शुद्धी पुरेल, अशी आशा होती. 2018 मध्ये बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेतील मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. बांगलादेशात जुलाब कमी झाले, पण मुलांची उंची तीनही ठिकाणी वाढली नाही. यावरून स्वच्छता निरुपयोगी, असा अर्थ काहींनी काढला, तो मला मान्य नाही. घरापुरते शौचालय बांधून अंगणातल्या कोंबड्या, उघडी गटारे आणि शेजाऱ्याची घाण तशीच राहिली, तर जंतूंचा भार पुरेसा कमी होत नाही, हाच त्याचा अधिक सरळ अर्थ आहे.

शेवटी, आधी चिठ्ठीवर आलेल्या एका प्रश्नाचे उत्तर देतो. 'कोठा साफ' करण्यासाठी किंवा 'डिटॉक्स'साठी आतडे धुऊन काढणे उपयोगी आहे का, असे विचारले आहे. आतड्याच्या भिंतीला साठलेले विष चिकटून राहते आणि ते धुऊन काढता येते, ही कल्पना शरीररचनेला धरून नाही. ज्या पेशींवर ते चिकटायचे त्या चार-पाच दिवसांत झडून जातात. आतड्यातील 'गळती' मोजण्याच्या नावाने ज्या महागड्या तपासण्या विकल्या जातात, त्यांपैकी काहींमध्ये ज्या प्रथिनाचे नाव लिहिलेले असते ते प्रथिन मोजलेच जात नाही, हे परीक्षणांत दिसले आहे. कोलोनोस्कोपीच्या आधी आतडे वैद्यकीय कारणासाठी पूर्ण धुतले जाते तेव्हा जीवाणूंची वस्ती तात्पुरती कोसळते आणि बहुतेकांत साधारण दोन आठवड्यांत मूळ पदावर येते. तपासणीसाठी हे मोल देणे योग्य आहे. दर महिन्याला हौसेने देण्याचे मला एकही कारण दिसत नाही.